मुठेल

वेंगुर्ल्याच्या कॉलेजात, मागच्या इमारतीत,
समुद्राकडची खिडकी आम्ही उघडत नाही.
वारा तराजूला लागतो,
चौथा दशांश थरथरत राहतो.

उंदीर बत्तीस. प्रत्येकाच्या पाठीवर
वस्तऱ्याने साफ केलेला एक चौकोन,
पोस्टाच्या तिकिटाएवढा.
त्यावर मी ब्रशने थेंबभर द्रावण लावते,
आठवड्यातून दोनदा. तेही झाडाचंच,
जमालगोट्याच्या बीमधून काढलेलं.
कातडी लाल होते, जाड होते,
काही महिन्यांनी खसखशीएवढी गाठ वर येते.
नोंदवहीत तिला गाठ म्हणत नाहीत,
प्रतिसाद म्हणतात.

सोळा जणांना त्याआधी अर्धा तास
दुसरं काही लावते,
रातांब्याच्या सालीतली पिवळी भुकटी, विरघळवून.
एवढ्या लाल फळात एवढं पिवळं असतं
हे तिशी उलटेपर्यंत मला माहीत नव्हतं.
आणि मी सोलकढीवर वाढलेली.

साली आणून देते सत्यवती आरोलकर,
मठाहून, पहिल्या एसटीने,
बिनमिठाच्या, सावलीत वाळवलेल्या.
"मीठ नाय तर ती सोलां कसली?"
म्हणते दरवेळी,
आणि दरवेळी सांगितली तशीच आणते.
पावतीवर सही करते सावकाश,
वेलांटीपाशी थांबून.
अंगठा देत नाही. बावीस वर्षं काजू फोडून
अंगठ्यावरच्या रेषा गेल्या.
रेशनच्या दुकानातलं यंत्र तिला ओळखत नाही.
"उमटणाच नाय," म्हणते,
जशी एखादी शेजारीण बोलेनाशी झाली असावी.

काजूच्या टरफलातलं तेल बोटांवर उततं.
आधी फोड, मग साल जाते, मग नवी येते,
तिच्यावर पुन्हा सोमवार.
मी विचारलं, तेव्हा काय लावायचात?
तिने पिशवीतून मुठेल काढली,
रातांब्याच्या बियांचं तूप, मुठीत दाबून थिजवलेलं.
मेच्या उकाड्यातही टणक.
चार बोटांच्या चार खळग्या तिच्यावर स्पष्ट,
आत रेष एकही नाही.

मी समजावू लागले,
की बीमधलं तूप वेगळं, सालीतली भुकटी वेगळी,
उंदराचं माणसाला लागू होईलच असं नाही,
अजून दहा वर्षं, अजून पैसे,
आणि हे औषध नव्हे, फक्त आधी लावलं तर कदाचित.
ती ऐकत होती, पिशवीची गाठ सोडत, बांधत.
"आदीच लावूक होया," म्हणाली.
"लागल्यार लावन काय उपेग?
आमी कामार बसूच्या आदी लावायचंव.
मगे शेटान बंद केल्यान.
तेलाचो हात लागलो की गर डागता,
दर पडता."
हातमोजे दिले होते त्याने. ते घालून
दिवसाला तीन किलो कमी भरायचे.

तेव्हा मला तिच्या तळव्याची कड दिसली.
जखम, कडा उचललेली, मध्ये खोल.
तुळशीच्या लग्नापासून भरत नाही म्हणाली.
मी हात धरला, आणि सवयीने
दुसऱ्या हाताने कॅलिपर उचलला.
अकरा मिलिमीटर.
वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

बांबोळीला जा, म्हटलं. उद्याच.
चिठ्ठी लिहिली, वॉर्डाचं नाव लिहिलं,
तुकडा काढतील, घाबरू नका, असं लिहून
ते शेवटचं खोडलं.
चिठ्ठी तिने ब्लाउजमध्ये ठेवली.
मग पिंजऱ्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिली
चप्पल बाहेर काढून, देवळात काढतात तशी.
बराच वेळ. मी घड्याळ लावलं होतं,
अर्ध्या तासातली आठ मिनिटं उरली होती.

"हेंका तां पिवळा लावतास," ती म्हणाली.
"आनि ते बाकीचे सोळा?
तेंका काय लावतास?"