साक्षी

आरशाशेजारी एक छोटी काच ठेवलेली असते,
रुपयाएवढी. तिला वर जायचं नसतं.
आरशावर जे बसेल ते तिच्यावरही बसावं,
एवढ्यासाठीच ती.
आम्ही तिला साक्षी म्हणतो.

ससून डॉकपासून हाकेच्या अंतरावर
तीन दारांच्या आत आमची खोली.
बाहेर मीठ, डिझेल, सुकत घातलेले बोंबील;
आत हवासुद्धा गाळून घेतलेली.
पावडर नाही, काजळ नाही, गजऱ्याचं तर नावच नको.
खंबाटा सर म्हणायचे,
"माणूस म्हणजे चालतीबोलती धूळ, तांडेल.
लाजायचं नाही. झाकून घ्यायचं."

धाकटीच्या हळदीनंतर चौथ्या दिवशी कामावर आले.
दोनदा डोक्यावरून न्हालेली, नखं मुळापर्यंत कापलेली.
संध्याकाळी दिवे मालवून जांभळा दिवा लावला
आणि साक्षीच्या कडेला
एक कण पेटला. पिवळा.
मोहरीच्या शंभराव्या हिश्शाएवढा असेल,
पण मी लगेच ओळखला.
परवापर्यंत अख्खा कोळीवाडा त्याच रंगात नाचत होता.

पुसून टाकता आला असता.
खोलीत मी एकटीच होते.
वहीत लिहिलं: वेळ, जागा, रंग.
'कारण'च्या रकान्यात: बहिणीचं लग्न.

आरसा पुन्हा तपासण्यात नऊ दिवस गेले.
सर रागावले नाहीत.
हातमोजे चढवता चढवता एवढंच म्हणाले,
"लग्नाला बोलावलं नाहीस ते."

आता दुर्बीण वर आहे.
सहा आठवडे तिचं झाकण उघडलंच नाही आम्ही.
यानाचा स्वतःचा डिंक, रंग, तारांवरची वेष्टनं
पोकळीत गेल्यावर हळूहळू वाफ सोडतात,
आणि ती वाफ जाऊन बसते
नेमकी थंड काचेवर. घरचंच माणूस, बोलणार काय.
शिवाय कुणाच्या तरी जुन्या रॉकेटच्या रंगाचा टवका
गोळीच्या दसपट वेगानं तिकडे भटकतोय.
त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

धाकटी विचारते, "तुझं काय गेलं गं वर?"
"काही नाही," मी म्हणते.
"काही जाऊ नये, त्याचाच तर पगार घेते."
तिला वाटतं मी टाळतेय.

साक्षी इथेच आहे, कपाटात,
नंबर घातलेल्या डबीत.
तिला पुसायची मनाई आहे.
वर्षातून एकदा तपासणीसाठी बाहेर काढतात.
तेव्हा जांभळा दिवा मी लावते.