भिंतीवरची ओली रेघ

पाऊस पडताना डास कुठे जातात,
असं सोइला मुरायारीने मला दारातच विचारलं,
मासे साफ करता करता, हाताला खवले.
म्हटलं, तुमच्या पलंगाखाली.
ती हसली. मी विजेरी मारली.
पलंगाखाली, दोरीवरच्या कपड्यांमागे,
नवऱ्याच्या रबरी बुटात
बसले होते ते, परक्या घरी अडकलेल्या पाहुण्यांसारखे,
बाहेरचं थांबायची वाट बघत.

इक्वितोसमध्ये पत्र्यावर सर आली
की माणसं हातवाऱ्यांनी बोलतात.
मी भिंतीला टेकून थांबते,
खडू खिशात, कागद प्लास्टिकमध्ये.
आम्हाला शिकवलं होतं: थेंब डासाहून कितीतरी जड,
पण डास अडून राहत नाही,
थेंबाबरोबर थोडा खाली जातो,
मग कुशीवर वळून सुटतो.
शिकवणारा गृहस्थ स्वतः छत्री विसरून आला होता.

तो म्हणाला, पाण्यात बघू नका. पाण्याच्या वर बघा.
पिंपाची ओली रेघ जिथे संपते
तिथून बोटभर वर
खसखस सांडल्यासारखे काळे ठिपके.
वाळलेले. मेलेले वाटतात.
महिनोन्‌महिने तसेच बसतात,
आणि एक दिवस पाणी चढून त्यांच्यापर्यंत येतं.

म्हणून मी घरोघरी एकच सांगते:
नुसतं ओतू नका, घासा.
नळाला पाणी पहाटे तासभर,
तेही आलं तर. ओता म्हणणारी मी कोण?
बायका माझ्याकडे बघतात
आणि पिंपावर फळी ओढतात,
माझ्यापुरती.

आर्तिदोरो आजोबांनी टायर कापून
कासवासाठी तळं केलंय.
आत अळ्या, उलट्या टांगलेल्या,
शेपटीने श्वास घेत.
आजोबा, हे रिकामं करावं लागेल.
हिला विचारा, म्हणाले, आणि कासवाकडे बोट केलं.
कासवाने मान आत घेतली.
कागदावर त्यासाठी रकाना नव्हता.

मग तीन दिवस आभाळ फाटलं.
इताया नदी पायऱ्या चढून वर आली,
पिंपं भरून वाहिली,
टायरमधल्या अळ्या वाहून गटारात गेल्या.
आठवडाभर संध्याकाळी कानाशी कोणी नव्हतं.
गल्लीत खुर्च्या बाहेर आल्या. रिक्षावाले म्हणाले,
नेलिदा, तुझं काम पावसानेच केलं.
मी मान हलवली.
मनात दिवस मोजत होते. ऊन पडलं होतं,
बाटलीच्या बुचात, नारळाच्या करवंटीत,
गच्च झालेल्या पन्हाळीत
थोडं थोडं पाणी उरलं होतं.
नवव्या दिवशी खुर्च्या आत गेल्या.

त्याच रात्री माझ्या घरी
लुस्मिलाच्या खाटेमागे मुरंब्याची बरणी सापडली.
तोंडावर माझा फाटका मोजा, रबराने घट्ट.
आत पाऊस, तिने खिडकीतून धरलेला,
आणि त्यात अकरा जणं.
प्रत्येकाला नाव होतं.
ही गरोदर आहे, हा आळशी, ती सांगत होती.
गेल्या मार्चात हिच्याच अंगाखाली
मी चादर पिळून पिळून बदलली होती,
हाडं दुखतात म्हणून ती
केसांनासुद्धा हात लावू देत नव्हती.

मी बरणी दिव्याजवळ धरली.
एक जण निघत होता, आपल्याच कातडीवर उभा राहून,
पाय एकेक करून बाहेर,
पंख अजून ओले.
आम्ही दोघींनी पाहिलं, तो वाळेपर्यंत.
तो उडाला आणि मोज्याला लागला.
लुस्मिला म्हणाली, याचं नाव ठेवायचं राहिलं.

मग मी उकळतं पाणी ओतलं.
ती रडली नाही, पण माझ्याशी बोललीही नाही.
कागद काढला. गल्लीचं नाव, घर क्रमांक चौदा.
भांडी तपासली: एक. अळ्या सापडल्या: एक.
घरमालकाची सही:
तिथे मी माझं नाव लिहिलं,
वर, तपासनीस म्हणून, पुन्हा माझंच.

बरणी घासायला घेतली.
काचेवर रेघ होती,
आणि तिच्या बोटभर वर काहीच नव्हतं,
तरी मी घासत राहिले.
न बोलता लुस्मिलाने विजेरी धरली,
जरा तिरपी,
कुठे बघायचं ते तिला माहीत होतं.