उपाशीपोटी

पहाटे पाचला गोळी.
तुरीच्या डाळीएवढी, घोटभर पाण्यासोबत.
मग अर्धा तास चहा नाही.

सहा वर्षं अंगचोर म्हणवून घेतलं.
सावद्याच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत
मी गोधडी मागायची
आणि प्रमिला जाऊ तोंडाला पदर लावायची.

भुसावळच्या डॉक्टरीणबाई गळ्यावर बोटं ठेवून म्हणाल्या,
गिळा.
मी गिळलं. ते मला येतच होतं.

रिपोर्टात आकडा सत्त्याऐंशी.
परीक्षेतसुद्धा एवढे कधी पडले नव्हते.

आता ओट्यावर बसते.
केळीचा ट्रक रावेरकडून येतो, चिखल सांडत जातो.
दूध थांबलेलं, डबे थांबलेले.

सासू आतून विचारते,
झाला का वं अर्धा तास?

झालेला असतो.
मी म्हणते, अजून नाही.