फुटलेल्यांची वही

मी फुटलेल्यांची वही ठेवतो.
फिनलंडमधलं तळ्याकाठचं आमचं गाव,
नोव्हेंबरात दुपारी तीनला दिवे लागतात,
भट्टी मात्र बारा महिने विझत नाही.
संध्याकाळी टोपलीतल्या काचा मोजायच्या,
आकडा लिहायचा,
काचा परत भट्टीत.
काचेचं बरं असतं.

मार्चपासून आकडा चढू लागला.
सहा. नऊ. एका मंगळवारी सतरा.
सगळे देठाचे पेले,
सगळ्यांना तडा एकाच जागी,
देठ वाटीला भेटतो तिथे.

राउनो नळीच्या टोकावर रस गोळा करतो,
इल्पो फुंकतो,
कोवळा एएरिक देठ ओढतो, बूड चिकटवतो,
आणि सिर्कू निववायच्या भट्टीचं दार उघडून
पेला आत घेते.
चार माणसं, एक श्वास.
त्यात दोन क्षण इकडचे तिकडे झाले
की संपलं.

काच एकदा फुटायची, खापर चारदा.
इल्पोच्या मते रस गार.
राउनोच्या मते पोराचा हात जड.
मीसुद्धा सुटलो नाही, मी म्हणे जास्तच मोजतो.
हे कोणी बोललं नाही हं.
आमच्याकडे बोलत नाहीत,
कॉफीचा कप जरा जोरात टेकवतात,
समोरच्याला कळतं.
एएरिक वेगळ्या बाकावर जेवायला बसू लागला.

मालकांनी हेलसिंकीहून एक बाई बोलावली,
पिह्ला नावाची. माणसं जुळवून देते म्हणे.
आम्ही धास्तावलो:
आता दोर ओढायला लावणार,
डोळे मिटून एकमेकांच्या अंगावर पडायला लावणार,
रंगीत चिठ्ठ्यांवर मनातलं लिहायला लावणार.
चिठ्ठ्या होत्याच तिच्या पिशवीत, मी पाहिल्या.
पण ती एका उलट्या खोक्यावर
दोन दिवस नुसती बसली.
कोट काढला, मग स्वेटर,
केस कपाळाला चिकटले.
दुसऱ्या दिवशी दुपारी तिने विचारलं,
"दार कधी उघडायचं, हे हिला कोण सांगतं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
"इल्पो टाच आपटतो," राउनो म्हणाला.
"लाकडी चपलेची. तीस वर्षं."
"आणि मार्चमध्ये काय बदललं?"
छताला नवा पंखा बसला होता.
आणि निववायची भट्टी
या भिंतीकडून त्या भिंतीला गेली होती.
पंखाच तर!
सगळ्यांना हायसं वाटलं. पंख्याला मन नसतं.

पंखा बंद केला.
इल्पोने टाच आपटली.
मला ऐकू आली, पार वहीच्या टेबलापाशी.
सिर्कू दाराकडे बघत उभीच.
तेव्हा कुठे आम्हाला दिसलं
की भट्टी हलल्यापासून
इल्पो तिच्या डाव्या हाताला असतो.

"डावा कान," ती म्हणाली,
जणू दारालाच सांगत होती.
"दोन वर्षं झाली."

रस नळीवर ओघळत होता.
कोणी काही बोललं नाही, आणि या वेळी
ते न बोलणं निराळं होतं.
मग इल्पो,
ज्याने बायकोला मागणीसुद्धा
नुसती मान हलवून घातली असं गाव म्हणतं,
चार पावलं चालून तिच्या उजव्या बाजूला आला,
आणि घसा खाकरावा तसं म्हणाला,
"न्युत."
आमच्या भाषेत: आता.

"मोठ्याने," सिर्कू म्हणाली.

"न्युत!"
कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला बिचारा.
दार उघडलं.

वहीत आता दोन, कधी तीन.
शून्य नाही.
पिह्लाचं बिल आलं तेव्हा मालक कुरकुरले,
दोन दिवस, एक प्रश्न, एवढे पैसे?
चिठ्ठ्यांचा गठ्ठा ती विसरून गेली,
मी त्यांच्यावर आकडे लिहितो.

एएरिक त्याच लांबच्या बाकावर बसत राहिला,
त्याला कोणी काही म्हटलं नव्हतं,
मग माफी तरी कशाची मागायची?
काल जेवणाच्या सुट्टीत
राउनो आपला कप घेऊन उठला,
तिकडे गेला,
आणि त्या बाकावर त्याने तो टेकवला
इतका हळू,
की मला ऐकूच आला नाही.