खातून उठेपर्यंत

झाड नाही. खारट झुडपं, गुडघ्याएवढी, विरळ.
ओढा नाही, टेकडी नाही; क्षितिज पट्टीनं आखलेलं, सरळ.
ऑस्ट्रेलियाच्या पोटावरती इतकी सपाट भुई,
की सकाळी ठिपका दिसला तर माणूस पोचे दुपारी.

दिलमुराद अकराचा. बाप त्याचा शाहदोस्त
बलुचिस्तान सोडून आलेला, बोले फक्त उंटांशी.
उंट बारा. त्यांत खातून, लांब लांब पापण्यांची,
स्लीपर लादले की आधी थुंकायची, मगच उठायची.

पूर्वेकडून रूळ निघाले, पश्चिमेकडून रूळ,
मध्ये माश्या, ऊन, आणि दातांत कचकचणारी धूळ.
ठण् ठण् घण. स्लीपर, खिळा. स्लीपर, खिळा.
मुकादम पेंगेली ओरडे, "रेषा सरळ धरा!
वाकडी गेली तर चंद्र हसेल!"
आणि दोरी ताणे पुन्हा.

एकदा पाणी संपलं. पिंपात उरला गंज.
वाळूचे उंचवटे लागले, तिथं भेटली
एक अनंगू मुलगी. नाव तिनं सांगितलं नाही.
कोपरापर्यंत वाळू उकरली, आणि बसून राहिली.
खड्डा हळूहळू ओला झाला. मग पाणी. गोड.
दिलमुराद प्यायला, खातून प्यायली.
नंतर इंजिन आलं, ते पितच राहिलं.
मुलगी लांब उभी राहून बघत होती, किती.

दोन टोकं जुळली तेव्हा टोप्या उडाल्या वर.
पेंगेलीनं नाक शिंकरलं (धूळ गेली, म्हणे).
दिलमुरादला तांब्याचं एक नाणं मिळालं.
"अब्बा, आता खातून काय वाहणार?"
शाहदोस्तनं खोगिराची गाठ घट्ट केली.
ती आधीच घट्ट होती.

रात्री तिथं थंडी हाडांत शिरते,
पण लोखंड दिवसाचं ऊन लवकर विसरत नाही.
हे खातूननं हेरलं. रुळावर मान टाकली,
आणि घोरू लागली.

दिलमुरादनं शेजारी कान लावला.
आत, लांब कुठं तरी, मधमाश्या.
"ऊठ गं! गाडी!" ओढलं, ढकललं, हात जोडले.
दिवा मोठा होत गेला. शिट्टी. पुन्हा शिट्टी.
चाकांखाली ठिणग्या.

आणि अख्खा खंड ओलांडायला निघालेली गाडी
थांबली.
खिडक्यांशी झोपाळू पोरं गोळा झाली.
आधी मागचे पाय उठले.
मग जरासा विचार.
मग पुढचे.
खातूननं पाठ झाडली, इंजिनाकडे नीट बघितलं,
आणि थुंकली.