सुपरव्हायझर

रास अल खैमाच्या धावपट्टीमागे, जिथे उंट येऊ नयेत म्हणून
तारेचं कुंपण घातलंय, तिथे आमची रेडिओ खोली.
सोळा फूट बाय दहा. एसी चोवीस तास,
तरी जुन्या ट्रान्समीटरच्या पाठीला हात लावला
तर ताप आलेल्या पोरासारखी गरम.
तिच्यामागे एक पाल राहते.
कुरियाकोसने तिचं नाव ठेवलंय सुपरव्हायझर.

एकोणीस वर्षं मी खरखर ऐकतोय.
आता ओळखू येते: ही शमालच्या वाळूची,
ही सिमेंट कारखान्याच्या मोटारीची,
ही कुणीतरी माइकचं बटण दाबून ठेवून
पाणी पितोय त्याची.
दोघे एकदम बोलले की शीळ उठायची,
तिला आम्ही सवतींचं भांडण म्हणायचो.
आणि टॉवरमधला युसूफ अल शेही
पायलटच्या नुसत्या श्वासावरून सांगायचा,
थांबा, याला धावपट्टी दिसलेली नाही अजून.

ऑगस्टात हवा समुद्रावर
ओल्या गोधडीसारखी पडून राहते,
तिच्याखालून आवाज घसरत येतात लांबून.
बंदर अब्बास तर शेजारचंच. कराची येतं.
एकदा पहाटे सव्वातीनला
अख्खा अरबी समुद्र ओलांडून एक बाई आली:
नमस्कार, मग आकडे, उंची,
आणि तिच्यामागे कुणीतरी मराठीत विचारत होतं,
डबा आणलास का?
मी हेडफोन कानावर दाबून धरला.
आणला होता की नाही, कळलंच नाही.
लॉगबुकात लिहिलं: बाहेरचा व्यत्यय,
चार सेकंद, दुर्लक्ष केले.

आज रात्री बदल.
नवा रॅक थंडगार, तोंडातून ब्र न काढणारा.
बोलणं आता आकड्यांचा चुरा होऊन केबलमधून जाईल,
पलीकडे पुन्हा जुळेल.
पुढे तर निम्मं टाइपच करतील:
कळलं. करतो. जमणार नाही. थांबा.
येईल ते लख्ख, नाहीतर काहीच नाही.
अधलंमधलं बंद.

मी विरोधात नाही.
त्या धुक्याच्या जानेवारीत
'उतरू नका'मधला 'नका' खरखरीने गिळला होता.
युसूफ तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा विमान वर उठलं.
चहाचा कप त्याच्या हातात तासभर वाजत होता.
याच ट्रान्समीटरला मी तेव्हा
मालवणीतली सगळी माहिती असलेली शिवी घातली होती.

तीन वाजून दहा. कुरियाकोस फोनवर उलटे आकडे मोजतो.
मी ब्रेकर खाली ओढतो.
ऐकू येतंय का, युसूफ विचारतो,
इतकं स्वच्छ की त्याचा पडलेला दात दिसावा.
पाचावर पाच, मी म्हणतो.
मग कुणी बोलत नाही,
आणि त्या न बोलण्यात काहीच नसतं.
लाइन चालू आहे ना, दोनदा तपासतो.

पाल बाहेर आली. निवत चाललेल्या पत्र्यावरून
नव्या रॅकपर्यंत गेली, थबकली, मागे फिरली.
चुकचुकली.
घरी असतो तर जमिनीवर बोट आपटून
कृष्ण कृष्ण म्हटलं असतं.
इथे लिहिलं: जुनी यंत्रणा बंद, अडचण नाही.

सुपरव्हायझरला कुठे बसवायचं, कुरियाकोसने विचारलं.
तो हसत नव्हता.

टेस्टिंगचा साठ वॅटचा दिवा
मी नव्या रॅकमागे लावून ठेवला.
हँडओव्हरच्या यादीत तो नाही.