एक सूत

सस्कॅचेवान. धान्याच्या कोठाराशेजारी
अठ्ठ्याहत्तरचा फोर्ड, पुढून उचललेला.
वर्ना चाक फिरवत टायरवर खडूची रेघ ओढते,
मग खाली टेकवून टेप लावते:
मागच्यापेक्षा पुढे तीन सूत जास्त.
म्हणजे चाकांचं आपसात पटत नाही.

टेपचं दुसरं टोक ओरेस्ट धरायचा.
“धरलंय, वाच,” म्हणायचा
आणि नेमकी तेव्हाच ढील द्यायचा.
आता तिथे वीट आहे.
वीट बोलत नाही.

टाय रॉडची बाही गंजलेली.
तेल, हातोडा, शिवी, पुन्हा तेल,
मग कुरकुरत पाव फेरा.
पुढे एक सूत कमी. बस्स.

गव्हामधून रस्ता सरळ,
ट्रक सरळ,
फक्त तिचे हात
अकरा वर्षांच्या सवयीने
अजून डावीकडे ओढू पाहतात.